वर, खाली आणि छेद

गणित आणि मी ह्यांचं नातं चाळीतल्या शेजाऱ्यांसारखं आहे. भिंतीला भिंत लागून तीसएक वर्षं राहिलो, पण पलीकडे काय शिजतं ते कधी कळलं नाही. नुसता फोडणीचा वास यायचा आणि ठसका लागायचा.

मी एका महाविद्यालयाच्या कचेरीत टंकलेखक होतो. कागदोपत्री 'कनिष्ठ लिपिक'. प्रत्यक्षात 'अहो भाऊसाहेब'. परीक्षा आली की सगळ्या विषयांच्या प्रश्नपत्रिका माझ्या बोटांखालून जात. इतिहासाची प्रश्नपत्रिका म्हणजे सुट्टी. पानिपतच्या लढाईची कारणं टाइप करायला पानिपत करावं लागत नाही. गणिताची प्रश्नपत्रिका आली, की मात्र मी आधी चहा मागवत असे. टाइपरायटरवर बेरजेची खूण होती, बरोबरची होती, टक्के होते. वर्गमूळ नव्हतं. इंटिग्रलचा तो उभा, फणा काढलेला नाग तर नव्हताच. मग पद्धत अशी, की स्टेन्सिलवर टाइप करताना तिथे मोकळी जागा सोडायची आणि सगळं झाल्यावर टोकदार लेखणीनं खुणा हातानं कोरायच्या. वरचा दोन लिहायला रूळ अर्धा घर खाली फिरवायचा, दोन मारायचा आणि रूळ पुन्हा जाग्यावर आणायचा. तो जाग्यावर आला नाही, तर पुढची सगळी ओळ शिडी चढून वर जायची.

१९८१ साली सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेत मी एक मोकळी जागा मोकळीच ठेवली. प्रश्न चार, उपप्रश्न ब. 'शून्यापासून ए-पर्यंत, ए-वर्ग वजा एक्स-वर्ग ह्याच्या वर्गमूळाचं इंटिग्रल काढा.' त्यातलं वर्गमूळ मी कोरलंच नाही. आता मला वाटलं होतं, एवढीशी ती खूण, तिच्यावाचून कुणाचं काय अडणार? पण मूळ असलं, तर म्हणे ते पाव वर्तुळाचं क्षेत्रफळ, त्याला पाय लागतो, घाम लागतो. मूळ नसलं, तर दोन ओळींत ए-घनाचे दोन तृतीयांश हातात. मुलं हसत हसत बाहेर आली. गणिताच्या पेपराला मुलं हसत बाहेर येतात म्हणजे काहीतरी चुकलंय, हे शिपायालासुद्धा कळलं.

प्राचार्यांनी विचारलं, तेव्हा मी दाराआड फायली लावत होतो. आमच्या गणिताच्या सरांनी शांतपणे सांगितलं, "मूळ मीच घालायला विसरलो." मी तेव्हा कायम झालो नव्हतो. सरांना ते ठाऊक होतं. त्यावर ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत, आणि मीही बोललो नाही. ही असली देणी वसुलीला येत नाहीत म्हणून तर जड होतात.

गेल्या वर्षी वहिनींचा, म्हणजे सरांच्या सौभाग्यवतींचा, फोन आला. सरांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. बोलणं शाबूत, डोकं तर पूर्वीपेक्षा तिखट, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच. आणि त्यांनी मराठीतून कलनाचं एक पुस्तक लिहायला घेतलं होतं. मुलानं संगणक दिला होता, त्यात समीकरणं लिहायचा प्रोग्रॅम घालून दिला होता. "पण तो उंदीर ह्यांच्या डाव्या हातात ठरत नाही हो भाऊसाहेब," वहिनी म्हणाल्या. "एका वर्गमूळापायी काल अर्धा तास गेला. मग चिडले. तुम्ही टायपिंगमधले. काही जमतं का बघा." वर्गमूळ म्हटल्याबरोबर मी चपला शोधायला लागलो.

जाऊन बघतो तो त्या प्रोग्रॅममध्ये उंदराशिवाय लिहायची सोय होतीच. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या डिझाइन सायन्स नावाच्या कंपनीनं मॅथटाइप काढलं, त्याचंच एक धाकटं भावंड पुढे कित्येक वर्षं मायक्रोसॉफ्ट वर्डच्या पोटात राहत होतं. (ते बिचारं सुरक्षेत भोक सापडल्यामुळे जानेवारी २०१८ मध्ये घराबाहेर काढलं गेलं. त्याआधी १७ वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. घरातल्या म्हाताऱ्यांचं असंच होतं.) ह्या घराण्यातली लघुरूपं अशी: कंट्रोल दाबून एफ मारला की फ्रॅक्शन, आर मारला की रूट, आय मारला की इंटिग्रल. वर लिहायला एच, म्हणजे हाय. खाली लिहायला एल, म्हणजे लो. ग्रीक अक्षर हवं असेल, तर आधी कंट्रोल-जी आणि मग अक्षर. बेरजेचा तो मोठा सिग्मा हवा, तर आधी कंट्रोल-टी, मग एस.

सुरेख व्यवस्था. फक्त इंग्रजीत विचार करणाऱ्या आणि दोन हात चालणाऱ्या माणसासाठी. आय, एच, एल तिन्ही उजव्या हाताच्या मुलखात, आणि सर तर पन्नास वर्षं वर्गात 'छेद', 'घात', 'मूळ' असंच बोलत आलेले.

पुतणी संगणकात नोकरी करते. तिनं सांगितलं, की ह्या प्रोग्रॅममध्ये हवं ते बटण हव्या त्या कामाला लावता येतं. झालं! मी दोन रात्री बसून तक्ता केला. त्रेचाळीस लघुरूपं, लाल शाईनं रेघा मारून. सरांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, हे पाठ करण्यापेक्षा गणित सोपं आहे."

मग त्यांनी मला विचारलं, "कंचेभागुबेव आठवतं?" आठवतं म्हणजे काय! कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. शाळा सोडून साठ वर्षं झाली, नफातोटा विसरलो, चक्रवाढव्याज तर बँकसुद्धा मला समजावून सांगू शकत नाही, पण कंचेभागुबेव आणि तानापिहिनिपाजा हे मरताना गंगाजलाबरोबर तोंडातून बाहेर येतील. "ते का आठवतं आणि तुमचा तक्ता का आठवत नाही, ह्याचा आधी शोध लावा," सर म्हणाले. निवृत्त प्राध्यापकानं निवृत्त कारकुनाला गृहपाठ दिला. मी तो केला, कारण मला दुसरं काही नव्हतं. आणि खरं सांगतो, त्यात रमलो.

पहिला शोध असा, की गणिताची ही भाषा मुळातच कंटाळ्यातून जन्माला आली आहे. रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श वैद्याला १५५७ साली 'ह्याच्या बरोबर आहे' हे शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा वैताग आला आणि त्यानं दोन समांतर रेघा मारल्या. कारण त्याहून सारख्या दोन वस्तू जगात नाहीत, असं त्याचं म्हणणं. (हा गृहस्थ पुढच्याच वर्षी तुरुंगात वारला. एका खटल्यातली भरपाईची रक्कम त्याला भरता आली नाही. समीकरणाच्या दोन्ही बाजू बरोबर करणाऱ्याला जमाखर्चाच्या दोन बाजू काही बरोबर करता आल्या नाहीत.) वर्गमूळाची खूण छापून आली ती १५२५ साली, ख्रिस्टोफ रुडोल्फ ह्याच्या जर्मन पुस्तकात; तिच्या डोक्यावरचं छप्पर मात्र देकार्तनं १६३७ साली घातलं. म्हणजे शंभरावर वर्षं ते मूळ पावसात भिजत होतं. इंटिग्रलचा नाग हा नाग नसून लायब्निट्सनं ऑक्टोबर १६७५ मध्ये ताणून लांब केलेला एस आहे, 'सुम्मा'तला, म्हणजे बेरजेतला. तीस वर्षं मी तो कोरत होतो, पण एस कोरतोय हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आपल्याकडे? भास्कराचार्यांचा 'सिद्धांतशिरोमणी' ११५० सालचा. त्यातल्या बीजगणितात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणतात, म्हणजे 'जेवढं असेल तेवढं'. पण दर वेळी एवढं कोण लिहिणार? म्हणून नुसतं 'या'. दुसरी अज्ञात राशी आली तर रंगांची नावं: कालक म्हणजे 'का', नीलक 'नी', पीतक 'पी'. वर्गाचा 'व', रूपाचा, म्हणजे नुसत्या आकड्याचा, 'रू'. तेव्हा तीन एक्स-वर्ग म्हणजे 'याव ३'. पहिलं अक्षर घ्या आणि पुढे चला! जळगाव जिल्ह्यात पाटणला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, १२०७ साली तिथे मठ स्थापन केला. ह्या मठातल्या विद्यार्थ्यांना 'याव' कळत होतं. आम्ही मात्र एक्सला एक्स म्हणून शरण गेलो.

हे सांगितल्यावर सर खूष झाले. "पुढे?" म्हणाले.

पुढे यंत्रं. छापखान्यात गणिताच्या मजकुराला इंग्रजीत 'पेनल्टी कॉपी' म्हणत, म्हणजे दंडाचा मजकूर. जुळवायला जास्त वेळ, म्हणून जास्त दर. हे वाचून मला फार बरं वाटलं. माझ्या स्टेन्सिलच्या दुःखाला आंतरराष्ट्रीय नाव होतं! १९६१ साली आयबीएमचा सिलेक्ट्रिक टाइपरायटर आला. त्यात अक्षरांच्या काड्या नाहीत, एक गोल्फच्या चेंडूएवढा गोळा. गणितासाठी खुणांचा वेगळा गोळा. अल्फा आला की साधा गोळा काढा, खुणांचा बसवा, अल्फा मारा, पुन्हा गोळा बदला. गणिताच्या एका पानात किती वेळा गोळाबदल होत असेल ह्याचा विचार करताना माझी बोटं आपोआप दुखू लागली.

१९७७च्या मार्चअखेरीस स्टॅनफर्डच्या डोनाल्ड क्नूथ ह्यांच्या हातात त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं पडली. जुनी शिशाची अक्षरजुळणी जाऊन फोटोजुळणी आली होती. पानं त्यांना इतकी वाईट दिसली, की त्यांनी छापखान्याशी भांडायचं सोडून स्वतःच जुळणीची पद्धत तयार करायला घेतली. वर्षभराच्या रजेत आटपेल असा अंदाज. दहाएक वर्षं लागली. आमच्या शेजाऱ्यांनी स्वयंपाकघराची फरशी बदलायला घेतली होती, त्याची मला आठवण झाली. त्या पद्धतीचं नाव टेक. त्यात वर लिहायला टोपीची खूण आणि खाली लिहायला पायाखालची रेघ. टोपी डोक्यावर, रेघ पायाखाली, पाठ करण्यासारखं काही नाहीच. आणि गणित सुरू झालं हे सांगायला डॉलरची खूण, कारण गणित छापणं महाग! दंडाच्या मजकुराचा केवढा गोड सूड. क्नूथ चूक दाखवणाऱ्याला दोन डॉलर छपन्न सेंटचा धनादेश पाठवत, आणि लोक तो वटवायच्या ऐवजी चौकटीत लावत. हा दर १९८१ साली आमच्याकडे असता, तर सरांचं माझ्याकडून भागलं असतं.

पण सरांना खरा आवडला तो दुसरा प्रकार. बेल लॅबोरेटरीजमध्ये ब्रायन कर्निहन आणि लोरिंडा चेरी ह्या दोघांनी 'ईक्यूएन' नावाची पद्धत केली होती, तिच्यावरचा त्यांचा लेख १९७५ साली प्रसिद्ध झाला. (कर्निहनच्या आडनावात एक जी लिहितात तो बोलत नाही, आणि क्नूथच्या आडनावातला के बोलतो. आडनावांतसुद्धा पेनल्टी कॉपी असते.) त्यांनी स्पष्ट लिहिलं, की ही पद्धत गणितही न येणाऱ्या आणि छपाईही न येणाऱ्या टंकलेखकांना सहज शिकता यावी. म्हणजे मला! जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी माझा विचार करत होतं आणि मी इकडे लेखणीनं नाग कोरत होतो. त्यांची युक्ती साधी. समीकरण मोठ्यानं वाचताना जे शब्द तोंडात येतात, तेच टाइप करा. वरच्या आकड्याला 'सुप', खालच्याला 'सब', आणि अपूर्णांकाला 'ओव्हर'. 'ए ओव्हर बी' लिहिलं, की ए वर, बी खाली, मध्ये रेघ.

"अहो, हे तर आपलं 'छेद' आहे!" सर जवळजवळ उठून बसले. "तीन छेद चार. आपण असंच तर वाचतो. भाऊसाहेब, बटणं बोलण्यातून काढा. तक्त्यातून नको."

त्या दिवशी आम्ही त्रेचाळिसांचा तक्ता फाडला. मी नव्हे, वहिनींनी. आठवड्याच्या वाणसामानाची यादी लिहायला त्यांना पाठकोरा कागद हवा होता.

छेदाला सी. हे पहिलं आणि हे आजतागायत टिकलं. वर्गमूळाला सर 'रूट'चा आर घ्यायला तयार होईनात आणि 'मूळ'चा एम डाव्या हाताला लांब. तेव्हा मी माझी जुनी लेखणीची सवय आठवून म्हटलं, "सर, मी ते कोरायचो तेव्हा आधी व्ही काढायचो आणि मग छप्पर." सर हसले. व्ही मंजूर. कीबोर्डावर चिकटवण्याच्या कामी लॅरी टेस्लरनंही हीच नजर वापरली होती. उलट्या काकपदासारखा दिसतो म्हणून चिकटवायला व्ही, फुली मारल्यासारखा म्हणून कापायला एक्स. केनेथ आयव्हर्सनच्या एपीएल भाषेच्या कीबोर्डवर तर सगळी खिचडी होती: आयवर आयोटा आणि आरवर ऱ्हो आवाजावरून, डब्ल्यूवर ओमेगा रूपावरून, पीवर घाताची खूण 'पॉवर' ह्या नावावरून. खिचडी असूनही लोकांच्या बोटात बसली. उलट, मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत १९७०च्या दशकाच्या अखेरीस एक कीबोर्ड केला होता, त्याला शिफ्टसारखी सात बटणं. सात! वाटेल ती खूण निघायची म्हणे. त्याला नाव दिलं होतं 'स्पेस कॅडेट', अंतराळातला शिकाऊ. बरोबरच आहे, जमिनीवरच्या माणसाचं ते काम नव्हे.

वर लिहायला मात्र सगळ्यांचं एकमत झालं: 'वर'चा डब्ल्यू. शिवाय तो वरच्याच रांगेत. मी तसं बसवून दिलं. सरांनी एक्स लिहिला, कंट्रोल दाबला, डब्ल्यू दाबला, आणि प्रोग्रॅमची सगळी खिडकीच वर गेली. म्हणजे त्या अर्थानं वर गेली. जवळपास सगळ्या प्रोग्रॅमांत कंट्रोल-डब्ल्यू म्हणजे 'बंद कर', आणि माझी नेमणूक त्याला पोचली नव्हती. जाता जाता त्यानं 'ठेवू का?' असं विचारलं होतं. सरांना वाटलं, दोन वर ठेवू का असं विचारतोय, आणि त्यांनी घाईत भलतंच उत्तर दिलं. सकाळपासूनचं दीड पान गेलं. डाव्या हाताच्या एका बोटानं केलेलं दीड पान. सर काही बोलले नाहीत. १९८१ साली बोलले नव्हते, तसेच. मी चहा न घेता घरी आलो.

रात्री पुतणीला फोन केला. ती म्हणाली, "काका, चांगली अक्षरं सगळी आधीच विकली गेलीत. तुम्ही एक दार घ्या आणि आत आपली खोली मांडा." म्हणजे एकच जोडी अडवायची, आणि तिच्यानंतर येणारं साधं अक्षर आपलं. त्या कंट्रोल-टी-मग-एसची हीच तर युक्ती होती, आणि मी ती वाचून पुढे गेलो होतो. शिवाय विंडोजमध्ये 'स्टिकी कीज' म्हणून सोय आहे: शिफ्ट पाच वेळा दाबलं की चालू होते, मग कंट्रोल दाबून धरावं लागत नाही, एकदा दाबायचं, सोडायचं, मग अक्षर. इतकी वर्षं मी ती चुकून लागली म्हणून शिव्या घालत होतो. ती एका हाताच्या माणसासाठी होती.

दार म्हणून आम्ही कंट्रोल-डी घेतलं. 'दे'चा डी. दे वर. दे छेद. दे मूळ. सर मोठ्यानं म्हणायचे आणि दाबायचे. तिसऱ्या दिवसापासून म्हणणं थांबलं, नुसती बोटं म्हणायला लागली. वहिनी आतून म्हणाल्या, "दे चहा, तेही शिकवा त्याला."

आता उरलं 'खाली' आणि इंटिग्रल. इंटिग्रलला एस, लायब्निट्सची परवानगी होतीच. 'खाली'चा के उजवीकडे. 'तळ'चा टी? 'पाया'चा पी? दुपारभर वाद झाला. सर कीबोर्डाकडे बघत गप्प बसले होते. मग डाव्या हाताचं बोट त्यांनी एसवर ठेवलं, तिथून सरळ वर सरकवलं, मग सरळ खाली.

"भाऊसाहेब, एसच्या वर काय आहे?"

"डब्ल्यू."

"आणि खाली?"

खाली एक्स होता. मधे इंटिग्रल, त्याच्या डोक्यावर वरची मर्यादा, पायाशी खालची. कागदावर जसं लिहितात, अगदी तसंच, तीन रांगांत उभं. चाळीस वर्षं मी त्या कीबोर्डावर बोटं आपटली, आणि इंटिग्रल त्यात उभंच होतं! टाइपरायटर बनवणाऱ्यांच्या ते स्वप्नातही नसणार. सरांनी 'खाली'ला एक्स दिला आणि पुस्तकाचं तिसरं प्रकरण त्या संध्याकाळी सुरू केलं.

आमची लघुरूपं एकूण अकरा झाली. शून्य आणि वजा उजव्या टोकाला आहेत, तेवढ्यासाठी डाव्या हाताला अजून सीमोल्लंघन करावं लागतं. बेरीज आणि भागिले ह्यांचं भांडण छेदामुळे मिटलं, बी बेरजेला गेला. ग्रीक अक्षरं सर शब्दांतच लिहितात. पाय म्हणजे पाय.

गेल्या महिन्यात सरांनी पाचव्या प्रकरणाचे कागद पाठवले, तपासायला. मी शुद्धलेखन तपासतो, गणिताकडे बघत नाही. पण सरावासाठी दिलेल्या उदाहरणांत एक होतं, त्यापाशी थांबलो. प्रश्न चार, उपप्रश्न ब. शून्यापासून ए-पर्यंत, ए-वर्ग वजा एक्स-वर्ग, आणि त्याच्यावर मूळ, पुरं, छपरासकट.

मी सरांना फोन लावला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून म्हटलं, "सर, चार ब मध्ये चूक नाही."

"मग सोडवा," म्हणाले. "पाव वर्तुळ काढा आधी."

वर्तुळ काढलंय. पुढचं अजून सुटत नाही.